हललेला फोटो

तुळजाबाईनं नवऱ्याशी अबोला धरला, तो चौदा महिने. तसे अबोले गावात सगळेच धरतात. भावकी बांधावरून धरते, सासवा-सुना मिठावरून धरतात, आणि पुढं कुणाच्या तरी बारशाला एका पंगतीत बसल्या की सोडतातही. पण तुळजाबाईचा अबोला म्हणजे अबोला. नवरा समोर बसून भाकरी खातोय आणि ही भिंतीला सांगणार, "कोरड्यास संपलंय." त्याला पाणी हवं असलं तर तो माठाकडं बघणार, आणि ही तांब्या भरून त्याच्यापुढं आदळणार. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ कुणाला बघायचा असला तर हिच्याकडं बघावं. आणि खरं सांगायचं तर चूक तिची नव्हती. निदान सुरुवातीला तरी नव्हती.

त्याचं असं झालं. दिवाळी उरकली की ती आणि तिचा नवरा बद्रीनाथ ऊसतोडीला जायचे, पार कोल्हापूरकडच्या कारखान्याला. दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत तसंच लिहितात, माणसं दोन आणि कोयता एक. त्यानं तोडायचं, हिनं पाचट काढून मोळी बांधायची, आणि दोघांनी डोक्यावरून वाहून गाडी भरायची. एक बसला की दुसऱ्याचा हात रिकामा, आणि गाडी काही कुणासाठी थांबत नाही. माघात एका पहाटे बद्रीनाथनं तोडलेला ऊस मागं न बघता ओढला, आणि त्याचं पान सपकन तुळजाबाईच्या डाव्या डोळ्यातून गेलं. उसाचं पान साधं नसतं, कापतं. ती पदरानं डोळा दाबून खालीच बसली. बद्रीनाथ थांबला, तिच्याकडं बघितलं, कोयता हातात तसाच, आणि म्हणाला, "गाडी भरायचीय."

तीन दिवस ती डोळ्यावर फडकं बांधून मोळ्या वाहत होती. चौथ्या दिवशी डोळा लिंबाएवढा सुजला, तेव्हा मुकादमानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, आधी आणायचं होतं. बुबुळ पांढरं पडलं ते पडलंच.

आता डोळा गेला म्हणून तिनं अबोला धरला असं कुणी म्हणेल, तर ते खोटं. पान कुणाचं ऐकून लागतं का, हे तिलाही कळत होतं. तिचं दुखणं निराळं होतं. गावी आल्यावर तिनं ते एकदाच, थोरल्या जावेजवळ, साखराबाईजवळ बोलून दाखवलं.

"आक्का, बैलाच्या खांद्याला गाठ आली तर रातीतून तीनदा उठून हळद-तेल लावणारा माणूस ह्यो. मला तीन दिसांत एकदा इचारलं न्हाई, दुखायलंय का म्हणून. एकदा. मी काय डोळा परत मागणार होते का?"

"आगं, पुरुषाची जात. त्यांना बोलता येतंय व्हय?"

"गाडी भरायचीय म्हणाया आलं की."

बद्रीनाथ काही दगड नव्हता. गावी आल्यावर सहा महिने तो तिच्या उजव्या अंगाला बसत होता, म्हणजे तिला मान वळवावी लागू नये. विहिरीवरच्या फुटक्या पायरीवर त्यानं दगड रचून दिला. पण तोंडात मिठाची गुळणी धरलेली. विचारायचं तर पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आता कोणत्या तोंडानं विचारावं, असं त्याला होत असणार. आणि हिला वाटायचं, विचारत नाही तर मी कशाला बोलू. दोघांचं घर असं चाललं होतं, आणि मध्ये भिंत बिचारी दोघांचं ऐकत होती.

त्याच साली पाऊस नाही. मृग कोरडा गेला, हत्तीचं नक्षत्र कोरडं गेलं, दिवाळीपर्यंत विहिरींनी तळ दाखवला. म्हातारी माणसं म्हणाली, बहात्तरला धान्य नव्हतं पण पाणी होतं, औंदा पाणीच नाही. तुळजाबाईनं भिंतीला सांगितलं, "मी तोडीला जायची न्हाई." ती नाही म्हणजे तोही नाही, अर्धा कोयता कोण घेतं? तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्याचं धुराडं त्या वर्षी पेटलंच नाही, गाळायला ऊसच नव्हता. मग अध्यक्ष अर्जुनरावांनी कारखान्याच्या रिकाम्या मैदानात जनावरांची छावणी उघडली. बद्रीनाथ घरची गाय घेऊन तिकडं राहायला गेला, आणि बाहेरून येणारा चारा ट्रॉल्यांतून उतरवायचं काम धरलं.

साखराबाईची बैलजोडीही छावणीतच. ती एक दिवसाआड जायची, तिच्या हाती तुळजाबाई भाकरी बांधून द्यायची. चार भाकरी, ठेचा, आणि त्याला आवडतो म्हणून जरा जास्तच भाजलेला कांदा. अबोला माणसाशी होता, भाकरीशी नव्हता.

फाल्गुनात एक दिवस साखराबाई पदरानं तोंड पुसत आणि हसत आली.

"तुळजे, तुझ्या माणसाचा फोटो काढलाय. अध्यक्षाच्या खुर्चीत बसवून."

तुळजाबाई धान्य निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबला.

हकिकत अशी. कारखान्याला पंचवीस वर्षं होत होती. पाणी नसलं म्हणून समारंभ थांबतात का? अर्जुनरावांना दालनात लावायला आपला फोटो हवा होता, आणि साधा नव्हे, थ्रीडी. केजचा फोटोवाला गहिनीनाथ पुण्याहून ती विद्या शिकून आला होता. सिनेमाला घालतात तसला चष्मा नको ना काही, नुसत्या डोळ्यांनी बघायचं आणि माणूस चौकटीतून बाहेर आलेला दिसायचा. अध्यक्षांना बसवण्याआधी यंत्र नीट चालतंय का ते बघायला गहिनीनाथनं त्यांच्या अंगलोटाचा माणूस मागितला. छावणीतून बद्रीनाथला बोलावलं, अध्यक्षांचं जाकीट अंगात घातलं, आणि बसवला खुर्चीत.

"भावजी लई खुशीत हायेत," साखराबाई म्हणाली. "मला म्हणले, वैनी, तिला सांगा. आठ दिसांनी फोटो आला का मी सोता केजला जाऊन घेऊन येतो. तिला दाखवायचाय म्हणले. दोनदा म्हणले."

तुळजाबाईनं सुपातला खडा उचलला आणि बाहेर फेकला. चौदा महिन्यांत नवऱ्यानं तिला उद्देशून पाठवलेला हा पहिला शब्द. आणि तो कशाबद्दल, तर फोटोबद्दल.

"एका डोळ्याच्या बाईला फोटो दाखवाया निघालाय," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "म्हणावं, भिंतीला दाखव."

साखराबाईची एक वाईट खोड होती. निरोप ती जशाच्या तसा पोचवायची. पोचवला.

त्यानंतर अकराव्या दिवशी छावणीसाठी चारा घेऊन येणारी ट्रॉली मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर उलटली. चारा आणायला गेलेला बद्रीनाथ वर, उसाच्या हिरव्या वाढ्यांच्या भाऱ्यांवर बसला होता.

ह्यावर जास्त काही सांगत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांच्या घरी न होवो. तुळजाबाई दहा दिवस रडलीच नाही. अकराव्या दिवशी भाकरी थापताना तिनं चार थापल्या, चौथी तव्यावर टाकली आणि मग रडली. भिंतीला दाखव म्हणाले होते मी, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात जात्यासारखं फिरत राहिलं. बैल गेला नि झोपा केला म्हणतात. तिला आता बोलायचं होतं, लई बोलायचं होतं, आणि ऐकायला कोण?

वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात पाणी पडलं, गाय छावणीतून घरी आली. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं तेव्हा हार घालायला फोटो हवा असा विषय निघाला. घरात होता तो मतदानाच्या कार्डावरचा, नखाएवढा, आणि त्यात बद्रीनाथ चोरी करताना धरल्यासारखा दिसत होता. थोरला दीर म्हणाला, हाच मोठा करून आणू. तेव्हा साखराबाईला आठवलं.

"आणि त्यो खुर्चीतला फोटो गं? त्यो कुठंय?"

तुळजाबाईला तो आठवत नव्हता असा एक दिवस गेला नव्हता. पण मागायला जायचं तर कोणत्या तोंडानं? जिवंतपणी दाखवतो म्हणाला तेव्हा नको म्हणणारी बाई ती. पण आता एक आशा मनात रुतून बसली. लोक म्हणत होते माणूस बाहेर येतो. एकदा, एकदाच तो तसा समोर आलेला दिसावा. मग काय ते बोलून घेऊ.

दोघी जावा आधी कारखान्यावर गेल्या. शिपायानं दालन उघडून दिलं. समोर भिंतीवर अर्जुनराव, जाकीट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. साखराबाई दारातच थबकली.

"आगं माय. ह्ये तर उठून येतेत का काय."

"कुठं?" तुळजाबाई म्हणाली.

"ह्ये काय, हातभर भाईर आलेत. नाक बघ की. बोटाच्या अंगठ्या बघ."

तुळजाबाईनं बघितलं. कॅलेंडरवर असतो तसा एक माणूस, सपाट, वर बारीक उभ्या रेघा मारल्यासारखी चकाकी. तिनं हात पुढं केला. बोटं थेट पत्र्यासारख्या गार प्लास्टिकला टेकली. मध्ये काहीच नव्हतं.

"हात लावू नका मावशी," शिपाई म्हणाला. मग तिच्या डोळ्याकडं त्याचं लक्ष गेलं आणि आवाज खाली आला. "त्याला दोन्ही डोळे लागत्यात. फोटोवाल्यानं सांगितलंय. एक झाकला का निस्ता साधा फोटो."

साखराबाईनं लगेच एक डोळा हातानं झाकला. "खरंच की, पार बसला खाली." हात काढला. "आन् आला पुन्हा." मग जावेच्या चेहऱ्याकडं बघून तिनं जीभ चावली आणि पदर सारखा केला.

तुळजाबाई दालनातून निघाली. बाहेर पायरीवर येऊन बसली. ज्या डोळ्यानं त्याला बघायचं तोच नेमका त्याच्या हातून गेला होता. देवाला हसावं का रडावं हे तिला कळेना. "चल घरी," ती म्हणाली. "कार्डावरचाच मोठा करू. मला सगळे सारखेच."

"आता आलोत तर केजला जाऊच," साखराबाई म्हणाली. निरोपात चुकलेली बाई पायपिटीत भरून काढते. "तुला नाही दिसलं तर लेकी-सुनांना दिसंल. मला दिसंल. मी सांगीन की तुला कसे दिसत्यात ते." आणि तिनं हाताला धरून तिला जीपमध्ये बसवलं.

गहिनीनाथचा स्टुडिओ तहसीलच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जिना चढून दोघी दारात आल्या तेव्हा आत एक नवं जोडपं फोटोला आलं होतं, पोरीच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. गहिनीनाथ म्हणजे चाळिशीचा किडकिडीत माणूस, हात हलवल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. समोर लोखंडी रूळ मांडला होता, त्यावर क्यामेरा.

"आता नीट ऐका," तो त्यांना सांगत होता. "क्यामेरा ह्या रुळावरून इकडून तिकडं जाणार. बारा सेकंद. एवढ्यात तो तुमाला ह्या अंगानं, मधून आन् त्या अंगानं बघणार, आन् ते सगळं एका फोटोत बसवायचं. म्हणून हालायचं न्हाई. वटवट न्हाई, हातवारे न्हाई. हाललं का काय होतंय, ते ह्ये बगा." आणि त्यानं टेबलामागून एक चौकट काढून त्यांच्यापुढं धरली.

नवरी तोंडाला पदर लावून हसली. "आयो, ह्या तात्याला तीन हात हायेत. आन् तोंडं किती?"

"बगा. अख्खा तालुका हसून गेलाय ह्याला. तुमाला असं व्हायचंय का?"

तुळजाबाईनं दारातूनच ओळखलं. जाकीट परकं होतं, खुर्ची परकी होती. पण डाव्या कानाची पाळी, लहानपणी गोऱ्ह्याच्या शिंगानं फाटलेली, ती कुणाची असणार? गेलं वर्षभर तिचा नवरा इथं टेबलामागं होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसायला काढून दाखवला जात होता.

"हसू नगं गं," साखराबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पोरीचं हसू तिथंच थांबलं. "त्यांचं माणूस हाय ते."

गहिनीनाथनं वळून दोघींकडं बघितलं. "तुमी बद्रीतात्याच्या घरच्या का? या की, बसा. कसे हायेत तात्या? फोटो न्यायला येतो म्हणले आन् आलेच न्हाईत."

"गेले," साखराबाई म्हणाली. "वरीस व्हायलंय."

गहिनीनाथचे हात खाली आले. त्यानं चौकट पालथी केली, मग वाटलं तेही बरं दिसत नाही, म्हणून पुन्हा सुलटी केली आणि खांद्यावरच्या टॉवेलानं पुसली. "मला ठावं नव्हतं मावशी. आईशप्पत ठावं नव्हतं. असं ठिवलंच नसतं."

"द्या तो फोटो," तुळजाबाई म्हणाली.

"ह्यो द्यायसारखा न्हाई हो. बिगडलेला हाय. मी त्यांना त्याच दिशी पुन्हा बसवलं होतं, त्यो लई झ्याक आलाय. कंप्युटरवर हाय, चार दिसांत करून देतो."

"आधी ह्यो बघू दे."

साखराबाईनं आधी घेतला. कारखान्यात सांगितलं होतं तसं, आपण बघून जावेला सांगावं म्हणून. तिनं बघितला, दूर धरला, जवळ धरला, आणि टेबलावर ठेवला. "तुळजे, नको बघू. तोंडाच्या जागी धूर झालाय. एक हात असा, एक तसा, आरपार दिसायलाय. माझं तर डोकं गरगरलं. भूत केलं गं माणसाचं."

तुळजाबाईनं चौकट उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

धूर कुठंच नव्हता. बद्रीनाथ बसला होता. सपाट होता, बाहेर वगैरे काही आला नव्हता, पण स्वच्छ होता. दाढीचे खुंट दिसत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, समोर बघत होता, आणि तोंड मिटलेलं. हेच तोंड ती चौदा महिने बघत आली होती. तिनं हात बदलला, चौकट जराशी कलली, आणि त्याचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला.

डोळ्यात पाणी आलं म्हणून असं दिसलं असेल, असं तिला वाटलं. तिनं पदरानं डोळा पुसला. चौकट टेबलावर, भिंतीला टेकवून उभी केली, आणि स्वतः दोन पावलं डावीकडं सरकली. बद्रीनाथ बसलेला, हात गुडघ्यावर. मग ती हळूहळू उजवीकडं निघाली. हात उचलला. छातीशी आला. वर गेला. त्याचं बोट त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्याखाली टेकलं. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आणि हात परत खाली गेला.

ती पुन्हा डावीकडं गेली आणि पुन्हा आली. पुन्हा गेली आणि पुन्हा आली.

"तुळजे, चक्कर यायलीय का?" साखराबाई म्हणाली.

"ते बोलायलेत," तुळजाबाई म्हणाली.

जोडप्यानं एकमेकांकडं बघितलं. गहिनीनाथ मात्र तिच्या पावलांकडं बघत होता, मग तिच्या पांढऱ्या बुबुळाकडं. त्यानं तळहातानं आपला एक डोळा झाकला आणि तिच्या मागोमाग तसाच डावीकडून उजवीकडं चालत गेला. अर्ध्यात थांबला. "वर्षभर दाखवायलोय लोकांना," तो हळूच म्हणाला, "आन् मला कळलं न्हाई." मग साखराबाईला सांगावं तसं बोलला, "आपल्याला दोन डोळ्यांनी एकाच टायमाला दोन घटका दिसत्यात मावशी. एकात हात खाली, एकात वर. म्हणून धूर. ह्यांना एकेक घटका सुटी दिसायलीय. ह्यांच्यासाठी बिगडलाच न्हाई ह्यो."

"काय बोलले?" तुळजाबाईनं विचारलं.

गहिनीनाथ स्टुलावर बसला. "मी सगळ्यांना एकच सांगतो. क्यामेऱ्याकडं बघितलं का माणूस आवघडतो. म्हणून म्हणतो, समजा समोर घरचं माणूस बसलंय, तिच्याकडं बगा. लोक समजत्यात आन् गुमान बसत्यात. तात्या सहा सेकंद दगडावानी बसले. मग हात वर गेला आन् बोलले. मी वरडलो, तात्या, हाललाव की. तर उलट मलाच म्हणले, तुमीच म्हणलाव ना, घरची समोर हाय समजा. समजलो. आता ती समोर बसल्यावर बी बोलायचं न्हाई, तर कधी बोलायचं?"

"पण बोलले काय?"

परक्या नवरा-बायकोमधलं असं तोंडातून काढायला त्याला जड जात होतं. "म्हणले, अगं, लई दुखायलंय का?"

खाली गल्लीत कुणीतरी मोटारसायकलला लाथा मारत होतं, ती सुरू होत नव्हती. साखराबाईनं नाक पुसलं.

"पुन्हा बसवला तर चांगले बसले," गहिनीनाथ सांगत राहिला, कारण गप्प बसणं त्याला जमत नव्हतं. "त्यो फोटो न्या म्हणलं. तर म्हणले, न्हाई, पैलाच पाहिजे, बोललेला. मी हसलो. म्हणलं तात्या, आवाज येत नसतोय फोटोत, निस्तं वाटोळं येतंय. म्हणले, येऊ द्या. तुमी म्हणता माणूस भाईर येतो, मग बोलणं बी जरासं येईलच की. माझ्या तोंडातून काय निघंना, फोटो घरी नेऊन तिच्यापुढं धरतो म्हणले. आठ दिसांनी येतो म्हणले, आन् आलेच न्हाईत. मला वाटलं इसरले."

इसरला नव्हता. का आला नाही ते तुळजाबाईला माहीत होतं, आणि साखराबाईला माहीत होतं. आठव्या दिवसाच्या आधीच त्याला निरोप पोचला होता. साखराबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तुळजाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. शब्द जावेनं नेला असला तरी तो होता कुणाचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"दुसरा बी देतो मावशी," गहिनीनाथ म्हणाला. "हार घालाया त्योच बरा. त्यात तोंड मिटलेलं हाय."

"मिटलेलं लई बघितलं," तुळजाबाई म्हणाली. तिनं चौकट पदरात गुंडाळली, काखेत धरली आणि जिना उतरली.

वर्षश्राद्धाला भावकी जमली. फोटो बघून ज्यानं त्यानं तोंड वाकडं केलं. दीर म्हणाला, मतदानाच्या कार्डाचा परवडला असता. एक म्हातारी म्हणाली, आत्मा मुक्त झाला नाही, म्हणून हात हालायलाय. गहिनीनाथनं दुसरा फोटो आपणहून पाठवला होता, शेवटी तोच पाटावर ठेवला, हारही त्यालाच घातला. तुळजाबाई कुणाला काही बोलली नाही. साखराबाईही बोलली नाही, आणि तिच्या आयुष्यात न पोचवलेला निरोप तो एवढाच.

पंगती उठल्या, माणसं गेली, साखराबाईनं भांडी घासून पालथी घातली आणि तीही गेली. मग तुळजाबाईनं धान्याच्या कणगीमागून तो हललेला फोटो काढला आणि चुलीसमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून लावला. हीच ती भिंत. चौदा महिने तिनं जे जे नवऱ्याला सांगायचं ते हिला सांगितलं होतं.

ती चुलीपाशी उभी राहिली. इथून तो गप्प दिसत होता. हात गुडघ्यांवर, तोंड मिटलेलं, एखाद्यानं काही विचारावं का नको असं करत बसलेला. माठ उजव्या अंगाला होता. तिला तहान लागली नव्हती, तरी ती माठाकडं निघाली, एकेक पाऊल टाकत, मान त्याच्याकडं ठेवून. हात उचलला. बोट डोळ्याखाली गेलं. ओठ हलले.

तुळजाबाई मध्येच थांबली. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सारखा केला.

"व्हय वो," ती म्हणाली. "लई दुखायलंय."